चौकट आणि चेहरा

१९५९ साली प्रदर्शित झालेल्या 'कागज के फूल' या चित्रपटाच्या फिल्मचा एखादा तुकडा उजेडासमोर धरून पाहिला, तर त्यातील माणसे ओळखू येतात, पण पटत नाहीत. गुरुदत्तचा चेहरा उभट झालेला असतो. वहिदा रेहमानचे खांदे कोणीतरी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे आत आलेले असतात. खांब काठ्यांसारखे दिसतात, आणि जिथे म्हणून वर्तुळ असेल तिथे उभे अंडे दिसते. उंची जशीच्या तशी आणि रुंदी मात्र निम्मी, असा हा प्रकार असतो. अजाण माणसाला वाटावे की फिल्म बिघडली. वास्तविक ती अगदी ठाकठीक आहे. चित्र मुद्दामच तसे चिणून घेतलेले आहे, आणि ते पुन्हा पसरून दाखविण्याची जबाबदारी चित्रपटगृहातील प्रोजेक्टरच्या भिंगावर सोपविलेली आहे. आकाशवाणीवर चित्र दाखविण्याची सोय नाही. तेव्हा श्रोत्यांनी एवढीच कल्पना करावी की, एक रुंद सतरंजी घडी करून अरुंद पेटीत ठेवली आहे. पेटीतील घडी पाहून सतरंजीच अरुंद आहे असे कोणी म्हणत नाही. फक्त ती उलगडणाऱ्याला घडी किती पदरी आहे हे ठाऊक असले पाहिजे.

ही युक्ती आँरी क्रेत्यँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची. १९२० ते १९३० या दशकात त्याने असे भिंग तयार केले की ज्यातून आडव्या दिशेने दुप्पट दृश्य आत घेतले जाई, उभ्या दिशेने मात्र नेहमीइतकेच. क्रेत्यँ मुळात खगोलशास्त्रज्ञ. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांची जी रचना त्याच्या आणि रिची या अमेरिकन सहकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, त्याच रचनेची दोन मीटर व्यासाची एक दुर्बीण आज लडाखमधील हानले येथे उभी आहे, आणि ती चालविली जाते बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथून. ज्याने ताऱ्यांच्या प्रतिमा काठाशी फेंदारू नयेत म्हणून आयुष्य वेचले, त्यानेच चित्रे जाणूनबुजून विकृत करणारे भिंगही घडवावे, ही गोष्ट वाटते तितकी विसंगत नाही. विकृतीचे माप ज्याला नेमके कळते तोच ती घालवू शकतो, आणि हवी तेव्हा उत्पन्नही करू शकतो. त्या भिंगाकडे पुढे पंचवीसएक वर्षे कोणी फारसे पाहिले नाही. अमेरिकेत घरोघर टेलिव्हिजन आला, चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा फॉक्स कंपनीला त्याची आठवण झाली. आणि १९५३ साली 'द रोब' हा चित्रपट घेऊन 'सिनेमास्कोप' अवतरला.

भारतात हे भिंग प्रथम ज्यांच्या हाती सार्थकी लागले, त्या दोघांचाही बेंगळुरूशी संबंध होता. गुरुदत्त यांचा जन्म १९२५ चा, बेंगळुरूचाच. पुढे घर कलकत्त्याला गेले आणि चित्रपटाचे पहिले धडे त्यांनी गिरविले ते १९४४ नंतर पुण्याला, प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात. छायालेखक व्ही. के. मूर्ती १९२३ साली म्हैसूरला जन्मले. बेंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायालेखनाचा पदविका अभ्यासक्रम तेव्हा नव्यानेच निघाला होता. तो पुरा करून १९४६ नंतर ते मुंबईस आले. एका संस्थानी राज्याने सुतारकाम, यंत्रकाम यांच्या जोडीला चलच्चित्रणही शिकविण्याजोगा व्यवसाय मानावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्याच संस्थेतून पुढे १९६२ साली गोविंद निहलानी बाहेर पडले आणि काही काळ मूर्तींचेच साहाय्यक झाले. १९५२ च्या 'जाल'पासून गुरुदत्त आणि मूर्ती यांची जोडी जमली ती अखेरपर्यंत.

'कागज के फूल' हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रुंद पडदा म्हटला की फौजा, मिरवणुका आणि वाळवंटे, असा तोवर समज होता. मूर्तींनी त्या रुंदीचा उपयोग रितेपणासाठी केला. ओसाड स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत, आणि त्याच्या दोन बाजूंना एकमेकांपासून दूर उभी असलेली दोन माणसे, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरता येत नाही. बाहेरचे ऊन मोठ्या आरशांनी आत परावर्तित करून तो झोत साधला होता. मध्ये पसरलेली ती काळोखी जागा हाच त्या प्रसंगाचा आशय आहे. चित्र चिणलेले राहिले तर ती जागा निम्मी होते, दोघे जवळ येतात, आणि प्रसंगाचा अर्थ पार बदलून जातो. या चित्रपटाचे कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर यांचे होते, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. मानवी देहाच्या भारतीय रूपकल्पनेवर 'रूपदर्शिनी' हा ग्रंथ ज्यांनी सिद्ध केला, त्या चित्रकाराने उभारलेले हे दालन होते. अशा माणसाच्या रेखाटनातील प्रमाण यंत्राच्या गफलतीने बिघडावे, यापरते दुर्दैव नाही. चित्रपट त्या वर्षी पडला. मूर्ती आणि आचरेकर या दोघांनाही मात्र त्याबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

भिंग मात्र म्हणावे तेवढे प्रामाणिक नव्हते. लांबची वस्तू ते बरोबर निम्मी दाबी. पण नट कॅमेऱ्याच्या जवळ आला की दाब ढिला पडे. प्रोजेक्टरला याचा पत्ता नाही. तो आपला सरसकट दुप्पट पसरीत जाई. समजा, जवळचा चेहरा दोनऐवजी १.८ पटच दाबला गेला. तर पडद्यावर तो शेकडा अकराने रुंद होई. पाश्चात्य छायालेखकांनी या व्याधीला थट्टेने 'गालगुंड' असे नाव दिले होते, कारण नायिकेचे गाल खरोखरच सुजल्यासारखे दिसत. मोठमोठ्या तारका यामुळे भिंगाला भिऊ लागल्या. दिग्दर्शकांनी कॅमेरा दूर ठेवावा, चेहरा पडद्याच्या मधोमध आणू नये, असल्या वाटा काढल्या. अमेरिकेतील पॅनाव्हिजन कंपनीच्या गॉट्शॉक याने त्या दशकाच्या अखेरीस नव्या भिंगांची जोडणी करून ही खोड मोडली. रोग जुना, निदान सोपे आणि औषध यायला सहा-सात वर्षे!

चौकटीच्या या वादाचे मूळ शोधायचे तर आणखी साठ वर्षे मागे जावे लागते. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन याने ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीचे चित्र घ्यायचे ठरविले. त्यातून रुंदी चार तर उंची तीन असे प्रमाण निघाले. यात सौंदर्यशास्त्राचा भाग किती आणि हाताशी असलेल्या फिल्मची सोय किती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे; सोयीचे पारडे जड दिसते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' याच चौकटीत बसलेला आहे. पुढे चित्रपट बोलू लागला. आवाजाची पट्टी फिल्मच्या एका कडेला आली, आणि तिने चित्राची रुंदी खाल्ली. चौकट जवळजवळ चौरस झाली. प्रोजेक्टरवाले वरची-खालची कड झाकून जुना आकार साधू लागले, तेव्हा पडद्यावरच्या माणसांची डोकी उडू लागली. अखेर १९३२ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने वरखाली जाड रेघ सोडून १.३७ ला १ हे प्रमाण मुक्रर केले. 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा मराठी बोलपट त्याच वर्षीचा. यामुळे एक गोष्ट अशी झाली की, मूकपटाची प्रत जर कोणी बोलपटाच्या यंत्रावर काढली, तर आवाजाच्या पट्टीखाली डाव्या अंगाची एक चीर कायमची नाहीशी होते. एकादा नट अर्धाच दिसला तर त्यात छायालेखकाचा दोष नसतो.

चित्र रुंद करण्याची दुसरी रीत बेंगळुरूच्या शेजारीच पाहायला मिळाली. म्हैसूरच्या रस्त्यावर सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगरचे खडक आहेत. तिथे १९७३ पासून 'शोले'चे चित्रण चालले होते. सत्तर मिलिमीटरचा पडदा हवा, पण त्या मापाचे कॅमेरे परवडण्याजोगे नाहीत, अशी अडचण होती. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांनी साध्या ३५ मिलिमीटरवर चित्रण केले. कॅमेऱ्याच्या काचेवर मात्र खुणा करून घेतल्या, की या दोन रेघांच्या आत काय तो आशय, वरचे-खालचे पुढे कापले जाणार. मग ते चित्र मोठे करून २.२ ला १ या प्रमाणात रुंद प्रत काढली गेली. इथे दाबणे नाही, पसरणे नाही; केवळ कात्री आहे. पण ही कात्री चित्रणापूर्वीच ठरलेली होती आणि प्रत्येक दृश्य तिचा मान राखून रचलेले होते. नंतर येऊन परक्याने चालविलेली कात्री आणि ही कात्री यांत महदंतर आहे.

परक्याची कात्री चालली ती टेलिव्हिजनवर. योगायोग असा की, दिल्लीत टेलिव्हिजनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले तेही १९५९ सालीच, १५ सप्टेंबरला. त्याचा पडदा चारास तीन, म्हणजे डिक्सनचाच. सिनेमास्कोप चित्र त्यावर पूर्ण रुंदीने बसवायचे म्हटले तर पडद्याची फक्त ५७ टक्के उंची वापरात येते आणि वरखाली काळे पट्टे राहतात. पडदा भरून दाखवायचे म्हटले तर चित्राची ४३ टक्के रुंदी टाकून द्यावी लागते. प्रेक्षक काळ्या पट्ट्यांना कुरकुरत, म्हणून जगभर पुष्कळदा दुसरा मार्ग पत्करला गेला. रित्या स्टुडिओतील त्या दोघांपैकी एकाला मग पडद्याबाहेर जावे लागते. मूर्तींच्या वाट्याला मात्र पुढे लहान पडद्याचाही न्याय आला. १९८८ साली दूरदर्शनवर दाखविल्या गेलेल्या निहलानींच्या 'तमस'च्या छायालेखनात त्यांचा हात होता. सर्वांत रुंद चौकट प्रथम वापरणारा माणूस त्या जवळजवळ चौरस चौकटीतही तितक्याच अधिकाराने वावरला.

याच सुमारास एक आंतरराष्ट्रीय तडजोड झाली, आणि आज घरोघरच्या संगणकावर जो घोटाळा होतो त्याचे बीज तिच्यात आहे. युरोप आणि भारत यांच्या टेलिव्हिजनमध्ये ६२५ ओळी, तर अमेरिका आणि जपान यांच्यात ५२५. चित्र अंकांत साठवायचे ठरले तेव्हा प्रत्येक ओळीचे तुकडे किती करायचे, यावर एकमत हवे होते. १९८२ साली आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीने असा वेग शोधला की जो दोन्ही पद्धतींना पूर्णांकात भागतो: सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने. त्यामुळे एका पद्धतीत ओळीला ८६४ आणि दुसरीत ८५८ तुकडे पडतात, आणि दोघांचेही कामाचे तुकडे ७२० धरले जातात. दोन खंडांनी एका आकड्यावर सही केली, हा मोठाच मुत्सद्दीपणा म्हणायचा. त्याची किंमत चित्राच्या कणाने मोजली. भारतीय पद्धतीत चित्र ७२० कण रुंद आणि ५७६ कण उंच. हे कण चौरस असते तर प्रमाण पाचास चार झाले असते. ते चारास तीन व्हावे म्हणून प्रत्येक कण, ज्याला आता सर्वजण पिक्सेल म्हणतात, उंचीपेक्षा सात ते नऊ टक्के रुंद मानला जातो. अमेरिकन पद्धतीत तोच कण उलट अरुंद धरावा लागतो.

संगणकाच्या पडद्यावरचा पिक्सेल मात्र चौरस असतो, आणि छायाचित्रातलाही. इथेच ठेच लागते. लग्नाच्या चित्रफितीत आजोबांचे जुने छायाचित्र घालायचे म्हणून ते संगणकावर घेतले आणि कण-कण जुळवून ७२० बाय ५७६ च्या चौकटीत टाकले, की टेलिव्हिजनवर आजोबा किंचित स्थूल होतात. उलट त्या चित्रफितीतील एखादे स्थिर दृश्य काढून छापले, तर माणसे वाळतात. न्यू जर्सीहून कोणी पाठविलेल्या तबकडीत हाच दोष उलटा फिरतो. फरक सात-नऊ टक्क्यांचा. डोळ्याला तो दोष म्हणून दिसत नाही, फक्त 'हे आजोबांसारखे दिसत नाहीत' एवढेच वाटत राहते. मोठ्या चुकीपेक्षा ही लहान चूक अधिक वाईट, कारण ती कोणी दुरुस्त करीत नाही.

मोठी चूक रुंद पडद्याबरोबर आली. सोळास नऊ हे आजचे प्रमाण चारास तीन आणि सिनेमास्कोप यांच्या बरोबर मधले आहे. दोहोंचा भूमितीय मध्य काढला तर १.७७ येतो. मध्यममार्ग निघाला, पण घरांत जुने सर्व कार्यक्रम चारास तीनचेच होते. टेलिव्हिजनने ते आपल्या मर्जीने पडदाभर ताणले, आणि प्रत्येक चेहरा एकतृतीयांशाने रुंद झाला. काही यंत्रे त्याहून चतुर: ती मधला भाग सोडून कडाच ताणतात, म्हणजे नट चालत चालत पडद्याच्या काठाकडे गेला की वाटेतच त्याचे वजन वाढते! याच्या उलटही घडते. सोळास नऊचे चित्र त्याच ७२० बाय ५७६ मध्ये चिणून साठवितात आणि फाईलच्या माथ्यावर 'हे रुंद पसरावे' अशी नोंद ठेवतात. प्रत काढताना ती नोंद गळाली की सर्व माणसे उंच आणि कृश होतात. 'कागज के फूल'च्या तुकड्यावर जे दिसते तेच पुन्हा दिसते. १९५९ मध्ये जे काम प्रोजेक्टरच्या भिंगाने केले, ते आता एका ओळीच्या नोंदीवर येऊन ठेपले आहे. सरकारी दप्तरात कागद शाबूत आणि त्यावरचा शेरा गहाळ, असे झाले म्हणजे प्रकरणाची जी गत होते, तीच इथे चित्राची होते.

मूळ प्रत हाती असेल तोवर याची फारशी क्षिती नाही. पण ती नेहमी असतेच असे नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अनेक जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. ज्या चित्राची मूळ फिल्म नाही त्याचे प्रमाण उरलेल्या नकलेनेच सांगायचे. आणि नक्कल ताणलेली असेल तर पुढच्या पिढीला तो ताणलेला चेहराच खरा वाटणार. घरगुती छायाचित्रांचे याहून बिकट. संग्रहालयात निदान कोणी मोजणारा असतो. आजीचे एकुलते एक छायाचित्र संगणकात गेले, मूळ कागद वाळवीने खाल्ला, मग त्या चेहऱ्याची साक्ष द्यायला कोण उरतो?

दुरुस्ती अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. हाताने ओढून 'बरे दिसेल' असे करणे ही पहिली चूक. चित्र कुठून आले, कोणत्या पद्धतीचे, चिणलेले होते की नाही, हे आधी शोधावे. फाईलमधील प्रमाणाची नोंद चुकली असेल तर तीच सुधारावी. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलचे प्रमाण सांगण्याची सोय असते, आणि एवढ्याने चित्राच्या एकाही कणाला धक्का न लावता काम होते. ताणलेले चित्र तसेच पक्के झाले असेल तर मात्र हिशेब करावा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पसरलेले जुने चित्र १४४० रुंदीवर आणले की ते मूळ प्रमाणात येते, आणि दोन्ही अंगांना २४० कणांचे काळे पट्टे राहतात. सिनेमास्कोप चित्र त्याच पडद्यावर सुमारे ८१७ कण उंच बसते. ते पट्टे राहू द्यावेत. रिकामी जागा दिसू नये म्हणून त्याच चित्राची धूसर, फुगविलेली नक्कल मागे भरण्याची आज फार चलती आहे. देवघरातल्या तसबिरीमागे तीच तसबीर मोठी करून टांगण्यापैकी हा प्रकार आहे.

नोंद नाही, मूळ नाही, सांगणारा कोणी नाही, अशा वेळी चित्रातच साक्षीदार शोधावा लागतो. टेलिव्हिजनच्या चाचणीचित्रात पूर्वी मोठे वर्तुळ असे ते याचसाठी: वर्तुळ लंबगोल झाले की अभियंत्याला यंत्र बिघडल्याचे कळे. छायाचित्रात असे वर्तुळ भिंतीवरच्या घड्याळाचे असेल, बाजूने दिसणाऱ्या सायकलच्या चाकाचे असेल. त्याची रुंदी आणि उंची मोजावी, दोहोंचा भागाकार करावा, आणि त्या प्रमाणात सबंध चित्र मागे घ्यावे. जुन्या मराठी घरांतील चित्रांत घड्याळ किंवा सायकल नसली तरी बहुधा एक वर्तुळ सापडतेच. कॅमेऱ्याकडे सरळ पाहणाऱ्या आजीच्या कपाळावर मेणावर टेकविलेले ते ठसठशीत गोल कुंकू असते. ते आडवे पसरलेले दिसले, तर पट्टी तिथेच लावावी.